टिटवीच्या उंचवट्यावरची पाने

सूर्य बाभळीच्या शेंड्यातून नुकता सुटला होता आणि नदीवरचे धुके अजून विरले नव्हते. नेमक्या त्या घटकेला बगळ्याने उंचवट्यावर पांढरे पीस रोवले, आणि तिथून हे सगळे सुरू झाले.

त्या मुलखात तेव्हा कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता. कधी काळी कोणाच्या तरी अंगणातून एक पिल्लू नाहीसे झाले होते. ते कोणाचे, कसे गेले, हे विचाराल तर प्रत्येकीची कथा वेगळी. पण गेले एवढे खरे. तेव्हापासून चाऱ्याला जाणाऱ्या आया मागे वळून वळून पाहत जात. मग मुलखाने ठरवले की, जी कोणी दुसरीची पिल्ले सांभाळील तिने दिसेल ते टिपून ठेवावे. पिल्लू कधी आले, काय खाल्ले, किती झोपले, कुठे खरचटले. टिपायचे पळसाच्या वाळक्या पानावर, नखाने. पाने जपायची, आणि मुलखाने तपासणीला नेमलेला बगळा येईल तेव्हा त्याच्यापुढे मांडायची.

टिटवीला हे काम हवे होते ते उंचवट्यासाठी. टिटवीचे घरटे ते काय, उघड्यावर चार खडे. पाणी चढले की गेले. मागच्या खेपेची तिची अंडी अशीच गेली होती. पिल्ले सांभाळणारीला मात्र उंचवट्यावर जागा मिळे, आणि तिथवर पाणी पोचत नसे. यंदा तिला एकच पिल्लू होते, ठिपक्या. पांढरे पीस उभे तोवर उंचवटा तिचा. पीस उपटले की पुन्हा नदीकाठ.

पीस रोवून जाताना बगळा एका पायावर थांबून म्हणाला, "टिटवीबाई, एक ध्यानात ठेव. पानावर नाही ते घडलं नाही, असं आम्ही धरतो. आणि घडलं, पण पानावर नाही, तर ते तुझ्या हातून घडलं असं धरतो."

टिटवी मुळातच घाबरट. झोपतानासुद्धा आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते, असे तिला सगळे हसतात. तिने हे वाक्य गळ्यात अडकलेल्या काट्यासारखे जपले.

पहिल्यांदा तितरीण आपली पिल्ले घेऊन आली, मग लांडोर आपली लांबमानी पोरे घेऊन आली. दिवस बरे चालले होते. टिटवी पिल्लांना किडे कसे हुडकायचे ते दाखवी, उन्हात पंखाची सावली धरी, आणि वेळ मिळेल तसे पान टिपी. मग एके संध्याकाळी तितरिणीने आपल्या धाकट्याचा पंख उचलून पाहिला.

"हा ओरखडा कुठला गं?"

"सकाळपासूनच असेल, बाई."

"सकाळी नव्हता. मी काय आंधळी आहे?"

"मग मी ओरबाडला म्हणतेस?"

"मी कुठं काय म्हणते? तूच म्हणालीस." असे म्हणून तितरीण लांडोरीकडे पाहून नुसती मान हलवून गेली.

बगळ्याने पान पाहिले. ओरखडा पानावर नव्हता. पांढऱ्या पिसाला त्याने चोचीने जरा हलवून पाहिले, सैल आहे का घट्ट, एवढेच.

त्या दिवसापासून टिटवी बदलली. सकाळी पिल्लू आले की आधी त्याचा डावा पंख वर, मग उजवा, मग पोट, मग पाय. असेल नसेल तो ओरखडा आईदेखत पानावर. संध्याकाळी आया येऊन तेच उलट्या बाजूने तपासत. लांडोर तर पिसांची मुळेसुद्धा बघे. मधल्या मधे पिल्लांची अंगे उलटीपालटी होत. समोरच्या बाभळीवर कावळीण बसे, ती कोणासाठी बसते याचाही टिटवीला संशय येऊ लागला. ती पाने कावळिणीकडे पाठ करून टिपू लागली.

पण पिल्लू म्हणजे काही दगड नव्हे. एकाचे टिपावे तर दुसरे गवतात, दुसऱ्याला आणावे तर तिसरे पाण्याकडे. पाने मागे पडू लागली, तसा टिटवीचा जीव टांगणीला लागला.

एक दिवस माथ्यावरून घार गेली. टिटवीने धोक्याची हाक दिली, तिच्या आईने तिला दिली होती तशीच. सगळी पिल्ले जागच्या जागी जमिनीला चिकटली. कोणता खडा आणि कोणते पिल्लू, ओळखू येईना. घार निघून गेली तरी ती हलली नाहीत. टिटवीने अजून सोडवणीची हाक दिली नव्हती. ती देणार, तोच तिच्या मनात आले: किती निवांत पडली आहेत! सगळ्यांचे एकदमच टिपून होईल.

तिने टिपून घेतले, आणि मग सोडवणीची हाक दिली.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होते. टिटवीने इकडे तिकडे पाहिले आणि हलकेच धोक्याची हाक दिली. पिल्ले दबली. ती एकेकापाशी गेली, चोचीने त्याला उभे केले, पंख वर करायला लावला, पाहिले, टिपले. मग रोजच तसे. पिल्ले हुशार, पुढे पुढे तर हाक आली की आपणहून गवतातून बाहेर धावत येत, उघड्यावर रांग लावत आणि पंख वर करून उभी राहत. सगळ्यांत पुढे ठिपक्या.

"गुणाची आहेत हो पिलं," बगळा म्हणाला. "आणि पानं तर बघत राहावीत अशी."

पानांचा ढीग टिटवीपेक्षा उंच झाला होता.

चिमुकली लावी पक्षीण सगळ्यांत शेवटी आली. तिची बाकीची पिल्ले या ना त्या कारणाने गेली होती. भुरकी एवढी एकच उरली होती, वाळल्या पानाच्या रंगाची. रानातले पीक कापले गेल्यामुळे लावीला चाऱ्याला दूर जावे लागणार होते, म्हणून नाइलाजाने आली. तिने उंचवट्याला फेरी मारली, ढीग पाहिला, पीस पाहिले.

"पानं फार आहेत गं तुझ्याकडं."

"एकही दिवस चुकलेला नाही, लावीताई."

"मला त्यातलं काही कळत नाही. ही एवढी पानं टिपताना तू पोरांकडं बघतेस कधी, ते सांग."

टिटवीला ते झोंबले. हिला बगळ्यानेच पाठवले असावे, असे तिला वाटले. "टिपायचं म्हणजे बघावंच लागतं," ती तुटकपणे म्हणाली.

"असेल बाई. तू शहाणी." लावीने भुरकीला पुढे ढकलले. "मी हिला एवढंच शिकवलंय, टिटवीमावशीनं हाक दिली की दिसेल त्याच्या आडोशाला शिरायचं आणि डोळे मिटायचे. आमच्यातही तीच चाल आहे. दुसरं काही तिला येत नाही."

लावी गेली, पण बऱ्याच वेळा मागे वळून पाहत गेली.

त्याच दिवशी बगळा यायचा होता. टिटवीने पाने उन्हात रचून ठेवली आणि भुरकीचे पहिले पान घेतले. "पंख दाखवत नाही," तिने टिपले. "आईसारखीच संशयी." ती पुढचे टिपणार, तोच पानावरून एक सावली सरकली.

टिटवीने वर पाहिले. ससाणा होता, आणि तो खाली येत होता.

तिने जीव तोडून धोक्याची हाक दिली.

गवत हलले. गवतातून तितरिणीची पिल्ले धावत बाहेर आली, लांडोरीची आली, सगळ्यांच्या पुढे ठिपक्या आला. उघड्यावर त्यांनी रांग लावली आणि पंख वर केले. टिटवी पुन्हा ओरडली. त्यांना वाटले, पंख नीट दिसत नाहीत. त्यांनी ते आणखी वर केले.

टिटवीने पान तिथेच टाकले. ती एक पंख जमिनीवर घासत, लंगडत, केकाटत रांगेपासून उलटीकडे पळत सुटली, जणू पंख मोडलाच आहे. ससाणा क्षणभर घोटाळला. मग तो वळला आणि तिच्या मागे लागला. तिने त्याला नदीपार नेले, आणि अगदी त्याचे नख पाठीला लागेपर्यंत लंगडत राहून मग वर उसळली. शेपटीची पिसे त्याच्या पायात राहिली, टिटवी तेवढी निसटली.

ती परत आली तेव्हा पिल्ले तशीच उभी होती. वर धरलेले पंख थरथरत होते. ठिपक्या होता. तितरिणीची होती, लांडोरीची होती.

भुरकी नव्हती.

टिटवीने गवत पाहिले, खडे पाहिले, पाण्याचा काठ पाहिला. तेवढ्यात बगळा उतरला.

"बगळेदादा, ते नवं पिलू दिसलं का हो वाटेत? लावीचं? वाळक्या पानासारखं?"

बगळ्याने खाली पडलेले पान उचलून उन्हात धरले. "भुरकी ना? आहे की. सकाळी आली, पंख दाखवत नाही."

"अहो, इथं नाहीये ती!"

"पानावर आहे. पानावर गेल्याचं नाही. म्हणजे आहे." तो ढिगाकडे वळला. "आता ही बाकीची मांड बघू."

टिटवीने त्याच्याकडे पाहिले, मग ढिगाकडे पाहिले. मग तिने त्या ढिगात दोन्ही पाय घातले. पहिल्या दिवसापासूनची पाने उडाली. ओरखड्यांची, झोपांची, खाल्ल्या किड्यांची पाने वाऱ्यावर नदीकडे निघाली. बगळा म्हणत होता, "बाई, क्रम! अगं, क्रम!" ती उकरत राहिली.

अगदी तळाशी, शेवटच्या पानाखाली, जमिनीला चिकटून, डोळे घट्ट मिटून भुरकी पडली होती.

टिटवीने सोडवणीची हाक दिली. भुरकीने एक डोळा उघडला.

संध्याकाळी आया आल्या तेव्हा बगळा पीस उपटून, ते चोचीत धरून दुसऱ्या काठाकडे उडत निघाला होता. तिकडे एका नव्या अंगणात कोणीतरी पळसाची पाने गोळा करीत होते, असे कावळीण सांगत होती. तितरिणीने सवयीने धाकट्याचा पंख उचलला. लांडोरीने विचारले, "पानं कुठं गेली गं?"

टिटवीने आयांच्या देखत, आभाळ मोकळे असताना, एकदाच धोक्याची हाक दिली. भुरकी लावीच्या पोटाखाली शिरली आणि तिने डोळे मिटले. बाकीची धावत येऊन रांगेत उभी राहिली. ठिपक्या आपल्या आईच्या अगदी समोर आला, आणि तिला नीट दिसावा म्हणून त्याने पंख जितका जाईल तितका वर केला.

आया पाहत राहिल्या.

"लावीताई, तू लांब लांब जातेस," टिटवी म्हणाली, "आणि तुम्हीही दोघी. जिथं जिथं हे पांढरं पीस रोवलेलं दिसेल, तिथल्या बाईच्या कानावर घाला. तिला म्हणावं, शेजारणीलाही सांग. दुसरं काही नको. भुरकी पानांखाली सापडली, एवढंच सांगा."