खारूताईच्या करवंट्या

भांडी घडवणारं कुणीच नव्हतं, तेव्हाची गोष्ट. रानातल्या जेवणावळीत खारूताई खीर वाढत होती. सांडायला नको म्हणून ती सगळ्यांना करवंटीतच देई. मग धनेश पक्षी आला.

"ताई, बायको ढोलीत अंड्यांवर बसलीय. उपाशी आहे. तिच्यासाठी खीर न्यायचीय."

करवंट्या तर संपलेल्या! पळसाचा द्रोण वाटेतच गळला असता. खारूताई रडवेली झाली. तेवढ्यात तिला खिरीची करवंटी घेऊन बसलेली शेळी दिसली.

"शेळीमावशी, तुम्ही खीर घरी नेणार?"

"छे गं! इथेच चाटूनपुसून खाणार."

"मग तुम्हाला द्रोण चालेल की!"

खारूताईने मावशीची खीर द्रोणात ओतली आणि करवंटी भरून धनेशाला दिली. तो आनंदाने उडाला.

शेळीने खीर संपवली, मग द्रोणही खाऊन टाकला. "बघ, धुवायलासुद्धा काही ठेवलं नाही!"

खारूताई हसली आणि पुढच्या पाहुण्याला म्हणाली, "इथेच खाणार, की नेणार?"