पंतांच्या कुटुंबाची पहिली फेरी

“सुकाणू धरणार नाही, म्हणजे काय?” करंजवेळचे राजे उदयभान कडाडले. “उद्याच्या भरतीला आम्ही राणीसाहेब आणि राजकन्यांसह नव्या नौकेतून समुद्रावर जाणार, आणि आमचाच तांडेल नाही म्हणतो?”

धाकू तांडेल मान खाली घालून उभा राहिला. उत्तर दिले ते त्याच्या मुलीने, पोवळीने.

“नौका उलटेल, महाराज. म्हणून.”

दरबारात कुजबुज उठली. नौका दिसायला अपूर्व होती, यात शंका नाही. मोरांची नक्षी, रंगीत काचा, आत शिसवी पलंग आणि चक्क संगमरवरी न्हाणीघर! परंतु हा सारा दुमजली डामडौल उथळ बुडावर उभा होता. दालनाचे दार उघडले की बाहेरची वाट बंद होई. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासण्याऐवजी मेण भरून वर सोनेरी रंग फासला होता. बांधणारे शार्ङ्गधरपंत हे राजवाड्याचे स्थपती. नौकाही त्यांनी राजवाड्यासारखीच बांधली. वरचा मजला मात्र खुद्द महाराजांची हौस. त्यामुळे नौकेला नावे ठेवली की ते महाराजांना झोंबे.

“ठीक आहे!” महाराज म्हणाले. “दोष सिद्ध कर. पण नौकेवर पाऊल ठेवायचे नाही, फळीला बोट लावायचे नाही आणि निंदेचा एक शब्द काढायचा नाही. कुरबुरी ऐकून आमचे कान किटले! जमले नाही, तर तुझ्या बापाने हे बंदर सोडावे.”

“आणि हे सारे उद्याच्या भरतीपूर्वी!” पंतांनी हसत पुस्ती जोडली.

“पोरी, बिऱ्हाड कुठे हलवायचे आता?” धाकू पुटपुटला.

“बिऱ्हाड हलेल, आबा. पण आपले नव्हे!” आणि महाराजांकडे वळून ती म्हणाली, “नौका देखणी आहे, महाराज. फक्त बंदराचा एक रिवाज राहिला. नव्या नौकेची पहिली फेरी बांधणाऱ्याच्या बायकामुलांची! खाडीच्या तोंडापर्यंत जायचे, लाटा घ्यायच्या आणि परतायचे.”

“खरे का रे, धाकू?”

“खरे, महाराज. माझ्या होडीच्या सुताराची म्हातारी आई तर नवे लुगडे नेसून आली होती. उतरायलाच तयार होईना!”

“मग रिवाज पाळलाच पाहिजे. काय पंत?”

पंतांचे हसू मावळले. “महाराज, आमच्या कुटुंबाला वारा सोसत नाही.”

“दालन बंदिस्त आहे, पंत,” पोवळी आदबीने म्हणाली. “वारा शिरायचा कुठून?”

“मुलगी लहान आहे...”

“राजकन्याही लहानच आहेत.”

महाराजांनी भुवया उंचावल्या, तशी पंतांनी घाईघाईने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर ही गर्दी! पंत सहकुटुंब आले. भर उकाड्यात तिघांच्याही अंगावर जाड शाली, आणि त्यांखाली पाठी विलक्षण फुगलेल्या.

“पंत, या उन्हात शाली?” महाराजांनी विचारले.

“केवळ... सभ्यतेसाठी, महाराज.”

“कसली सभ्यता!” घामाने निथळणाऱ्या पंतांच्या पत्नीने शाल भिरकावून दिली. तिच्या पाठीला दोन भलेमोठे सुके भोपळे करकचून बांधलेले होते! “माहेरच्या विहिरीत पोहायला शिकले, तेव्हा मला एक भोपळा पुरला होता. यांनी आज दोन बांधले! म्हणे, एकाचा भरवसा नाही!”

गर्दीत खसखस पिकली. मुलीच्या शालीखाली आणखी दोन निघाले. पंतांनी तर पुढेही एक बांधला होता.

“ही आपली... खबरदारी, महाराज,” पंत चाचरले.

महाराज हसले नाहीत. धक्क्यावर उभ्या असलेल्या आपल्या मुलींकडे त्यांनी पाहिले. मग हलक्या आवाजात विचारले, “आणि यांचे भोपळे कुठे आहेत, पंत?”

पंतांनी शाल ओढून पुढचा भोपळा झाकला.

“पोरी,” महाराज वळले, “निंदेचा एक शब्दही काढायचा नव्हता.”

“मी कुठे काढला, महाराज? मी फक्त पंतांच्या माणसांना फेरीला बोलावले. नौकेविषयीचे मत त्यांनी पाठीवर बांधून आणले!”

आता मात्र महाराजांना हसू आवरेना. पोट धरधरून ते हसले. “धाकू, सुकाणू तुझेच! आणि नवी नौका या पोरीच्या देखरेखीखाली, बंदरातल्याच सुतारांनी बांधायची.” हातातले सोन्याचे कडे त्यांनी पोवळीला दिले. मग जरा ओशाळून विचारले, “त्या वरच्या मजल्याचे काय करावे गं? आमचा फार जीव आहे त्याच्यावर.”

“बागेत ठेवा, महाराज,” पोवळी म्हणाली. “तिथे लाटा येत नाहीत!”

महाराजांच्या हसण्याचा दुसरा गडगडाट धक्काभर घुमला, आणि या खेपेला भोपळ्यांसकट पंतही हसले.