अर्धी फुंकर

"पोशाच्या पाण्यावर एवढी लांब फुंकर, आणि माझ्यावर अर्धीच. का बाबा?"

हिराजी तांडेल परात घेऊन टेकडी पुन्हा चढून आला होता. परातीत समुद्राचं पाणी होतं.

त्या बंदराची रीतच तशी. मासेमारी सुरू व्हायच्या दिवशी प्रत्येक तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, पाणी आणायचं, चांदशा फकिरानं त्यावर फुंकर घालायची, आणि ते नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, शिंपडून ती दर्यात लोटायची. हिराजी बाबांचा सगळ्यांत जुना चेला. पोशा तांडेल आत्ता कुठं बाबांकडं यायला लागलेला. हिराजीच्या पोटात दुखत होतं, आणि ते साऱ्या बंदराला दिसत होतं.

"तुमचं छप्पर मी शाकारलं, चिलीम मी भरली. पुन्हा फुंका. त्याच्याहून लांब. नायतर आज होडी लोटणार नाय."

"परात खाली ठेव," बाबा म्हणाले. "तूच फुंक."

पाणी स्थिरावलं. हिराजीनं गाल फुगवून फुंकर मारली. पाण्यावर बारीक शहारा आला आणि गेला.

"आता हलव, आणि फुंक."

त्यानं काठ हलवला. लाट उठली. तिच्या पाठीवर फुंकर बसली तशी ती उंचावली, पुढं कलली आणि त्याच्याच पायांवर सांडली.

"बघा! सपाट पाण्यावरनं वारा नुसता सरकून जातो. उभ्या लाटेलाच पाठीत धरतो. वादळात बघतोच की आम्ही. बाकीच्या राहतात तशाच, आणि एखादीच डोंगराएवढी होते. जी मोठी तिलाच जास्त! मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

"आणि मोठी झाल्यावर?"

"... फुटते."

खाली खाडीतून एक होडी बाहेर पडत होती. पोशाची. हिराजीला राहवेना. त्यानं परात झटक्यानं उचलून बाबांच्या तोंडापुढं धरली.

"ते राहू द्या. फुंका लवकर. निघाला तो!"

बाबांनी छातीभर श्वास घेतला... आणि थांबले.

हिराजीचे हात थरथरत होते. परातीत पाणी या काठापासून त्या काठापर्यंत उसळत होतं.

"सकाळीही असंच हलत होतं," बाबा म्हणाले.

"आणि पोशाचं?"

"गप होतं. तिथं मी कितीही फुंकलं असतं, तरी लाट उठली नसती."

हिराजीनं परातीतल्या उसळत्या पाण्याकडं पाहिलं.

"तुझ्यावर फुंकायची मला भीती वाटते, बाळा."