सगुणा का उठली नाही

डोंगराच्या पायथ्याशी एक छोटीशी नगरी होती. तिथे राणोजी नावाचा एक शिपाई होता आणि तो पार वैतागून गेला होता.

एके काळी त्याने घाटातले दरोडेखोर पकडले होते. आता कोतवालाने त्याला शाळेच्या दारात उभे केले होते. झाले असे, की एकदा दोन पोरांत मारामारी झाली, एकाचे डोके फुटले आणि पंतोजी घाबरून कोतवालाकडे धावले. तेव्हापासून शाळेला शिपाई मिळाला आणि पंतोजींनी पोरांना समजावणेच सोडून दिले. कोणी खोडी काढली, "शिपाई!" कोणाची पाटी फुटली, "शिपाई!" कोणी नुसते खुदकन हसले तरी, "अहो शिपाई, जरा बघा याच्याकडे!"

"पंतोजी, पोरं आहेत हो ही. दरोडेखोर नव्हेत," राणोजी कपाळाला हात लावून म्हणे.

"मग तुम्हाला इथे ठेवलंय कशाला?" पंतोजी बसल्या जागेवरून म्हणत.

शिक्षा ठरलेली होती. वर्गाबाहेर काढलेल्या पोराला राणोजीने बाजारात न्यायचे आणि चावडीसमोर उभे करायचे. येणारेजाणारे बघत आणि हसत.

एका सकाळी सगुणा नावाची मुलगी शेजारणीशी सारखी बोलत होती. पंतोजींनी दटावले, पुन्हा दटावले, आणि शेवटी ओरडले, "सगुणे, ऊठ! हो बाहेर!"

सगुणा गप्प झाली, पण उठली नाही. शेजारी लाकडी खांब होता, त्याला तिने घट्ट मिठी मारली.

"उठतेस की नाही?"

"नाही उठणार."

"शिपाई!"

राणोजी आत आला. ऊन तापले होते आणि त्याचे डोके उन्हाहून जास्त. सकाळपासून हेच चालले होते.

"पोरी, उगाच डोक्याला ताप देऊ नकोस. ऊठ बघू."

सगुणाने मान हलवली. सारा वर्ग राणोजीकडे बघू लागला.

"बघत काय राहिलात? ओढा तिला!" पंतोजी म्हणाले.

आणि राणोजीने ओढले. दरोडेखोराला ओढावे तसे ओढले. कट्‌कन आवाज झाला, सगुणा किंचाळली आणि तिचा हात लुळा पडला.

पंतोजी आसनावरून उठले ते तेव्हा. "अहो, एवढ्या जोरात नव्हतं सांगितलं मी," ते पुटपुटले.

राणोजीने तिला उचलले आणि तो हाडवैद्याकडे पळत सुटला. वाट बाजारातून जात होती. वेदनेने कळवळणाऱ्या सगुणाने त्याच्या अंगरख्यात तोंड लपवले.

"इकडून नको ना," ती हुंदके देत म्हणाली. "चावडीपाशी आई भाजी घेऊन बसते. तिला दिसेन मी."

राणोजीने इकडेतिकडे पाहिले. पण दुसरी वाट नव्हती. आईने दोघांना पाहिले आणि हातातला तराजू टाकून ती मागे धावली.

वैद्याने हाड बसवले. लेकीचे डोळे पुसून आईने राणोजीला विचारले, "काय केलं होतं हिनं?"

"बोलत होती."

"बोलत होती?"



दुसऱ्या दिवशी वर्ग चिडीचूप होता. "याला म्हणतात शिस्त!" पंतोजी खूश झाले. मग त्यांनी एक सोपे गणित विचारले. येत असून कोणी हात वर केला नाही. पुढच्या रांगेतल्या एका लहानग्याला बाहेर जायचे होते, पण दारात शिपाई होता. त्याने परवानगी मागितली नाही. बसल्या जागी ओले केले आणि रडायलाही घाबरला.

राणोजीने ते पाहिले. तडक जाऊन त्याने कोतवालापुढे आपला दंडुका ठेवला. "घाटात पाठवा, नाहीतर घरी पाठवा. शाळेच्या दारात मी उभा राहणार नाही."

"मग शिस्त कोण लावणार?"

"ज्यांचं काम आहे ते! त्यांना जरा जागेवरून उठायला सांगा."

कोतवाल रागावला, पण त्याने राणोजीला घाटाच्या चौकीवर पाठवले. दुसरा शिपाई शाळेवर जायला तयार होईना. हाक मारायला कोणी उरले नाही, तेव्हा ओरडून ओरडून पंतोजींचा घसा बसला, पोरांनी त्यांना भंडावून सोडले. हळूहळू ते पोरांमध्ये जाऊन बसू लागले आणि "काय झालं रे?" असे विचारायला शिकले.

सगुणाचा हात बरा झाला, पण थोडा वाकडाच राहिला. आईची भाजीची पाटी पूर्वी ती उचलून देई. आता चौकीवर जाण्याआधी राणोजी येऊन पाटी बाजारात नेऊन देऊ लागला. आई त्याला नको म्हणत नसे, पण त्याच्याशी बोलतही नसे.

एकदा वाटेत सगुणाच म्हणाली, "काका, तुम्ही तेव्हा विचारलं असतंत ना, का उठत नाहीस म्हणून, तर मी सांगितलं असतं."

राणोजी थांबला. आजवर तो पंतोजींवर वैतागला, कोतवालावर वैतागला, पोरांवर तर रोजच. त्या दिवशी मात्र घाट चढताना तो स्वतःवरच चरफडत राहिला. "एवढंसं विचारायचं होतं रे. एवढंसं!"

तात्पर्य, मुलांनो आणि विशेषतः मोठ्यांनो: मूल ऐकत नसेल, तर हात धरण्याआधी कारण विचारा. धाकाने वर्ग गप्प होतो, पण शहाणा होत नाही.