श्वास रोखून लिहिलेला अर्ज

आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी, एक निवृत्त शिक्षिका, शिक्षणतज्ज्ञ सदस्य आहे, आणि समितीच्या गेल्या सभेत गटशिक्षणाधिकारी निगुडकर साहेबांना अर्ज लिहायला मीच बसवले.

तिसरीतल्या शाल्मली गवारेला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. कुणाच्या डब्यातल्या चटणीचा कण जरी पोटात गेला, तरी तिचा गळा सुजतो आणि श्वास कोंडतो. डॉक्टरांनी दिलेले इंजेक्शन वर्गातच ठेवावे, अशी सभेला आलेल्या तिच्या आईची विनंती होती.

साहेब म्हणाले, "औषध मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलुपात राहील. गरज पडल्यास वर्गशिक्षिकेने लेखी अर्ज करावा. शिस्त म्हणून काही असते, बाई."

मी म्हणाले, "चौतीस वर्षे मी तीच शिकवली, साहेब. नमुना म्हणून तो अर्ज आपणच लिहून द्याल का?"

"आत्ता देतो."

"एकच अट. अर्ज पूर्ण होईपर्यंत श्वास घ्यायचा नाही. शाल्मलीलाही तेव्हा घेता येणार नाही."

साहेब हसले. छाती भरून घेऊन त्यांनी पेन उचलले. प्रति, माननीय मुख्याध्यापक, शाळा, तालुका, जिल्हा, दिनांक, विषय: औषध मिळणेबाबत. 'महोदय' लिहिले आणि ते धापा टाकू लागले. मुलीचे नाव अजून कागदावर आलेच नव्हते. शाल्मलीच्या आईने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

इंजेक्शन वर्गातल्या उंच, बिनकुलपी फळीवर राहील, वर्गशिक्षिका ते द्यायला शिकतील आणि कागदपत्रे नंतर होतील, असे ठरले. मुख्याध्यापकांसह सर्व सदस्यांनी होकार दिला. दम सावरल्यावर निगुडकर साहेबांनी त्याच अर्धवट अर्जाच्या मागे मंजुरी लिहिली.