पेजेतला काळा दोरा

गावाला वेस होती आणि दिवस मावळला की वेशीचा दरवाजा लागत असे, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

अशाच एका गावात वाकळा शिवून पोट भरणारी एक बाई होती. नवरा कधीच वारला होता. लोक तिला वाकळवाली म्हणत. तिच्या अंगणात कवडी नावाची ठिपक्यांची कोंबडी होती आणि कवडीमागे आठ दिवसांची पिल्लं होती. पूर्वी वाकळवालीकडे आणखीही कोंबड्या होत्या. त्या कशा गेल्या ते ऐका, म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखाच संताप येईल.

त्या गावात एक देवऋषी राहायचा. कोंबड्या दगावू नयेत म्हणून तो दर अमावास्येला काळा दोरा मंतरायचा, नैवेद्याच्या तांदळाच्या पेजेत बुडवून काढायचा आणि घरोघरी वाटायचा. तो खुराड्याच्या दाराला बांधायची गावाची रीत होती. तरीही कोंबडी आजारी पडली तर देवऋषी म्हणे, "दोरा कमी पडला. आणखी दोन बांधा." आणि आजारी कोंबडी? ती दिवस मावळायच्या आत वेशीवर नेऊन उतारा म्हणून त्याच्या हवाली करायची. नाही केली तर रोगराई साऱ्या गावात शिरणार, अशी पाटलांनी दवंडीच पिटवली होती! त्या उताऱ्याचं पुढे काय होतं, ते कुणी विचारत नसे. देवऋषीच्या झोपडीतून रश्श्याचा वास मात्र साऱ्या गावाला यायचा.

एके सकाळी वाकळवालीने खुराडं उघडलं. पिल्लं बाहेर आली, कवडी आली नाही. ती पिसं फुलवून, मान आखडून कोपऱ्यात बसली होती. दाणे टाकले तरी तिने चोच लावली नाही. पिल्लं तिच्या पंखाखाली शिरू पाहत होती आणि तिला पंख उचलवत नव्हता.

बातमी गावभर झाली. शेजारची कुंभारीण आली. "आक्का, देऊन टाक बाई तिला," ती म्हणाली. "मी कालच माझी तांबडी दिली. जीव तुटला, पण काय करायचं?"

मागोमाग पाटील आले. "दिवस मावळायच्या आत वेशीवर आण."

"पाटील, पिल्लं अजून मुठीएवढी आहेत. आई गेली तर घार एकेक उचलून नेईल."

"कोंबडी मोठी का गाव मोठं?" पाटील म्हणाले आणि निघून गेले.

त्या सकाळी निम्मं गाव तिच्या दारात येऊन गेलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं परवा घुबड ओरडलं होतं, कुणी वाकळवालीचंच नशीब काढलं. पण एवढ्या माणसांत एकानेही खाली वाकून कोंबडीला हात लावला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तोंडं सगळ्यांची चालत होती, डोळे एकाचेही नाहीत.

माणसं पांगली तशी वाकळवालीने कवडीला मांडीवर घेतलं. फाटक्या वाकळीला ठिगळ लावण्याआधी ती वाकळ बोटांनी चाचपून बघायची, तशीच तिने कोंबडी चाचपली. डोळे स्वच्छ होते, नाक वाहत नव्हतं, श्वासाला घरघर नव्हती, पाय धड होते. मग बोटं गळ्याखाली गेली, जिथे टिपलेलं दाणापाणी आधी साठतं त्या पिशवीवर. पिशवी टम्म फुगलेली आणि दगडासारखी कडक होती.

वाकळवाली चमकली. रात्रभरात ही पिशवी रिकामी व्हायला हवी. तिने कुंभारणीची एक धडधाकट कोंबडी उचलून चाचपली. तिचा गळा सकाळच्या वेळी मऊ आणि मोकळा होता. म्हणजे कवडीच्या गळ्यात काहीतरी अडकलं होतं.

तिने कोमट तेलाचे थेंब पाजले, गळा हलक्या हाताने चोळला. दुपारपर्यंत चोळला. गोळा हलेना. तेव्हा तिने आपलं शिवणाचं गाठोडं सोडलं. पातं, सुई आणि दोरा उकळून घेतला. कवडीचे डोळे फडक्याने झाकले, तशी ती शांत पडली. गळ्यावरची पिसं काढली, हळदीच्या पाण्याने कातडी पुसली आणि काळजावर दगड ठेवून बोटाच्या पेराएवढी चीर दिली.

आतून निघाला दोऱ्यांचा गोळा! काळा, पेजेने चिकटलेला, गवतकाडी आणि दाणे गुरफटलेला, आणि जागोजाग देवऋषीच्या गाठी. लोंबणारा दोरा कोंबडीला किड्यासारखा दिसतो. त्याला वर पेजेची चव, मग ती तो सोडते होय?

"मीच बांधले गं," वाकळवाली कवडीला म्हणाली. "दर अमावास्येला, वर हात जोडून!" पण रडायला वेळ नव्हता. तिने आधी आतली पिशवी शिवली, मग वरची कातडी वेगळी शिवली. असे बारीक टाके तिने उभ्या जन्मात घातले नव्हते. थोडं पाणी पाजून तिने कवडीला बांबूच्या डालीखाली, कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, ठेवलं, तो गोळा थाळीत घेतला आणि ती वेशीकडे निघाली.

वेशीवर सारा गाव जमला होता. देवऋषीच्या कोंबड्या तिथेच उकिरडा उकरत होत्या.

"उतारा आणलास?" देवऋषीने विचारलं.

"आणलाय," असं म्हणून तिने थाळी पुढे केली. "हे कवडीच्या गळ्यातून निघालं. ओळखा पाहू, कुणाचे दोरे आहेत?"

गावात कुजबुज सुरू झाली. पण देवऋषी कसला ऐकतो! त्याने दोन्ही हात वर केले. "बघा बघा, माझ्या दोऱ्याने बाधा कशी बांधून बाहेर काढली!" आणि काय सांगू तुम्हाला, दहापाच जणांनी खरोखरच हात जोडले. मी तेव्हा तिथे काठी घेऊन नव्हतो हेच बरं.

वाकळवालीने मात्र हात जोडले नाहीत. तिने कमरेचा नवा दोरा काढला, या अमावास्येला वाटलेला, पेजेचा कडक. "बाबा, दोरा एवढा गुणाचा, मग तुमच्या खुराड्याला एकही कसा नाही?"

"माझ्या कोंबड्यांना देव राखतो."

"मग त्यांना दोरा बाधायचा नाही," ती म्हणाली आणि तिने तो त्याच्या कोंबड्यांपुढे टाकला.

एक कोंबडी मान ताणून धावली. पण तिच्याआधी देवऋषी धावला. धोतर सावरायचंही त्याला सुचलं नाही. उकिरड्यावर गुडघे टेकून त्याने तो दोरा कोंबडीच्या चोचीतून हिसकावून घेतला आणि मुठीत धरला.

मग कुंभारीण पुढे आली. "म्हणजे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "कालची माझी तांबडी... तुला ठाऊक होतं रे!"

देवऋषीला मान वर करता आली नाही. पाटलांनाही आली नाही, कारण दवंडी त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी गावाने देवऋषीला एकेका खुराड्यापुढे उकिडवं बसवलं आणि प्रत्येक दोरा त्याच्याच हाताने तोडायला लावला. ज्यांच्या कोंबड्या उताऱ्यात गेल्या होत्या, त्यांना त्याच्या कोंबड्या वाटून दिल्या. कुंभारणीलाही एक मिळाली, पण ती तांबडी नव्हती. पाचव्या दिवशी कवडी डालीबाहेर आली, तिने अंग झाडलं आणि पंख उचलला. पिल्लं आत शिरली.

म्हणून सांगतो, बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो: ज्या उपायाने दुखणं वाढतं आणि उपाय सांगणाऱ्याचं पोट भरतं, तो उपायच खरं दुखणं असतो.