रिकाम्या खुर्चीचा नवरा

मुलीला तालमीला न्यायचं की नाही, या काळजीनं शाल्मलीला तीन दिवस झोप नव्हती. स्त्रीवादावर प्रबंध लिहिलेली बाई, आणि पाच वर्षांच्या रेणूपायी नाटकातली भूमिका जाईल म्हणून घाबरत होती!

अखेर नेलं, आणि व्हायचं तेच झालं. मिरजेच्या एका हौशी नाट्यसंस्थेत स्पर्धेसाठी एक जुनं अमेरिकन नाटक बसत होतं. दिग्दर्शकही मुळगुंद सर आणि नायकही तेच. रेणूला बघताच ते म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्या घरीच थांबा. नाहीतरी बायकोच्या भूमिकेत आहे काय? नवरा बोलतो, ती ऐकते. काढून टाकली तरी नाटकाचं काही अडत नाही."

"बरं सर. मग आज पहिला प्रवेश माझ्याशिवाय करून दाखवा. अडलं नाही, तर मी निघालेच," शाल्मली म्हणाली आणि रेणूला घेऊन समोर सतरंजीवर बसली.

सर ऐटीत आले. रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "बघशील तू, या शहरात माझं नाव होईल!" मग त्यांनी खुर्चीची समजूत काढली, तिच्यावर ओरडले, तिच्यापुढे रडलेही. प्रॉम्प्टर संहितेआड तोंड लपवून हसू लागला.

"सर," शाल्मली म्हणाली, "ती ऐकते म्हणून तुम्ही नायक. ती उठली, की तुम्ही नुसते मोठ्यानं बोलणारे गृहस्थ."

सरांनी कपाळ पुसलं. "या बाई, बसा खुर्चीत."

शाल्मली उठणार, इतक्यात रेणू ठणकावून म्हणाली, "आता आईचा नंबर! काका, तुम्ही बसा."